चिकटवलेले बावीस माऊस

कल्याणी मेश्राम त्या दुकानात शिरली ती दुसऱ्याच दुकानाचा पत्ता विचारायला. खांद्याला पिशवी, पिशवीत बावीस माऊस, आणि शनिवार पेठेतल्या दोन दुकानदारांनी ‘हे आमच्याकडे होत नाही’ म्हणून वाटेला लावलेलं. बाहेर जुलैची झिमझिम चाललेली. काउंटरमागच्या चष्मेवाल्या तरुणाने पत्ता काही सांगितला नाही. त्याने पिशवीतला एक माऊस काढून पालथा केला.

“याचं झाकण कुणी चिकटवलंय?”

“आमच्या सरांनी. मुलं आतला बॉल पळवतात हो... खेळायला. म्हणून एका दुपारी सगळ्यांना गोंद लावला.”

“वा! चोर बाहेर, कचरा आत. बंदोबस्त चोख आहे.”

कोथरूडच्या रावसाहेब सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये कल्याणी शिकवायची. वर्ध्याहून येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. बॉलवर साठलेली धूळ काढता येईना, तेव्हा पडद्यावरचा बाण जागचा हलेना आणि मुलं टेबलावर धुणं धुतल्यासारखे माऊस घासत बसायची. शुभंकरने—हे त्या चष्मेवाल्याचं नाव—एका वेळी दोनच माऊस घ्यायचं कबूल केलं. ब्लेडने गोंद कापायचा, झाकण फिरवायचं, आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा, बॉल साबणाने धुवायचा... कामच तसं किचकट होतं.

मग दर गुरुवारी वाऱ्या सुरू झाल्या.

“आज कोण पेशंट?”

“सात नंबर आणि बारा नंबर.”

“बाराला काय होतंय?”

“डावीकडे जातो. उजवीकडे वळायला सांगितलं, की कुरकुरतो.”

“पुण्यातच जन्मलेला दिसतोय.”

धूळ फुंकताना तो मान पलीकडे वळवायचा, तिच्या अंगावर उडू नये म्हणून. एवढ्याशा गोष्टीवर कल्याणीचा अख्खा आठवडा निघायचा. विसाव्या माऊसपर्यंत ती पुरती प्रेमात पडली होती. तो मात्र त्या विषयावर अवाक्षर काढेना. शेवटची जोडी तिने दोन आठवडे कपाटात लपवून ठेवली... ती दुरुस्त झाली, की यायला कारण कुठलं?

आणि रावसाहेब सरांनी बॉम्ब टाकला. “नवे माऊस मागवलेत. बॉलच नाही त्यांना, खालून लाल दिवा लागतो. तुझ्या शनिवार पेठेतल्या मुलाला फोन केला, तोच म्हणाला, जुने काढून टाका.”

त्या गुरुवारी कल्याणीने शेवटचे दोन माऊस काउंटरवर आदळले.

“काहून सांगितलं तुम्ही सरांना?” रागावली, की तिचं वर्धा बाहेर यायचं.

“त्यांनी विचारलं. खोटं कसं सांगू?”

“मग आता मी इथे कशाला येऊ?”

बोलून गेली, आणि तिने जीभ चावली. शुभंकरने हातातलं ब्लेड खाली ठेवलं.

“म्हणूनच तर सांगितलं.”

“म्हणजे... मी येऊ नये म्हणून?”

“अहो, नाही! तुम्ही येता, माऊस ठेवता, की माझी मान खाली. रूळ, मळ, बॉल... मान वर करेपर्यंत तुमची बस आलेली असते. तीन महिन्यांत मी वीस माऊस पाहिले, तुम्हाला धड पाहिलंच नाही. म्हटलं, ही कटकट एकदा मिटली, की तुम्ही नुसत्याच याल.”

“नुसतीच कशी येणार होते मी? काही कारण नको?”

“तेवढा विचार... नव्हता केला.”

कल्याणीला हसू आवरेना. इतका हुशार माणूस, आणि इतका बावळट! तिने दोन्ही माऊस बाजूला सारले.

“बघा मग. आज सव्वासहाची बस मी सोडतेय.”

त्याने पाहिलं. फार तर दहा सेकंद. मग कान लाल झाले आणि सवयीने हात माऊसकडे गेला. तो तिने वाटेतच धरला.

“आवडते मी तुम्हाला?”

“हो,” तो कसाबसा म्हणाला. “दुसऱ्या माऊसपासून.”

“मला तुम्ही पहिल्यापासून,” कल्याणी म्हणाली. “म्हणजे मी जिंकले.”

हात काही तिने सोडला नाही. सव्वासहाची बस गेली, आणि पावणेसातचीही.