पूर्णश्रवणाची भेट

पडद्यावर मंदाताईंच्या मेंदूचा ध्वनिनकाशा उमटला आणि डॉ. शिरीन बागवान बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. नागपूरच्या त्या श्रवण-प्रयोगशाळेत नचिकेत बोरगावकर खुर्चीच्या टोकावर बसला होता. काचेपलीकडे त्याची आई, मंदाताई, परिचारिकेच्या ओठांकडे भांबावून बघत होती.

"कलिका बिघडली का?" त्याने विचारलं.

"कलिका ठणठणीत आहे. मेंदू बदललाय."

श्रवणकलिका म्हणजे कानामागचं इवलंसं यंत्र. आवाजाचे विद्युत्-संदेश करून ते कानात शस्त्रक्रियेने बसवलेल्या तारांवाटे थेट श्रवणनाडीला पोचवी. त्याला दरमहा वर्गणी होती. साध्या सदस्यत्वात आठ तारा चालू असत, पूर्णश्रवणात बत्तीस. पण कंपनी पूर्णश्रवण फक्त नव्या रोपणासोबत विकत असे आणि आईच्या हृदयाला पुन्हा शस्त्रक्रिया झेपणारी नव्हती. जुन्या सदस्यांना ते अधूनमधून भेट मिळे, तेही तीन महिन्यांपुरतं.

ती भेट नचिकेतनेच हौसेने घेतली होती. बुलबुलाची शीळ ऐकून आई लहान मुलीसारखी हसली होती. 'दोन नवे सदस्य आणा, भेट चालू ठेवा,' असं जाहिरातीत होतं. त्याने दोघांना आणलंही. त्यांतल्या एकाने पूर्वी कधीतरी आठवडाभर कलिका वापरून पाहिली होती, म्हणून नियमाप्रमाणे तो 'नवा' नव्हता. हे कळलं ते भेट बंद झाल्यावर.

"आधी आठ तारांवर तिला माझं सगळं बोलणं कळायचं," तो म्हणाला. "आता नुसता खडखडाट ऐकू येतो म्हणते."

"मेंदू ऐकून ऐकून शिकतो. बत्तीस तारा मिळाल्यावर त्याने प्रत्येक आवाजाची जागा नव्याने लावली. आता आठांवरून येणारे आवाज भलत्याच दारी जातायत."

"पुन्हा शिकेल?"

"शिकेल, रोज तुमचा आवाज ऐकून. पण मध्येच बत्तीस तारा लावल्यात, तर सगळं पाण्यात."

रोज सकाळी चहा झाला की नचिकेत आईजवळ बसून एकेक शब्द बोलू लागला. आई चिडे, रडे, कलिका काढून फेकून देई. आपला हावरटपणा तिला भोवला, हे त्याच्या मनातून जाईना. मग एके दिवशी त्याने सहज विचारलं, "भाजी कसली करू?" आणि पाठमोरी आई म्हणाली, "दोडका आहे ना!"

त्याच आठवड्यात फोनवर संदेश आला. अभिनंदन! मागची भेट संपल्यावरही सलग सहा महिने सदस्य राहिल्याबद्दल तीन महिन्यांची पूर्णश्रवणाची भेट सुरू झाली आहे.

त्याने अंगणात जाऊन ग्राहक-कक्षाला फोन लावला. "ही भेट मला नको आहे."

"ती आपोआप लागू होते, सर. नाकारायची तर सदस्यत्व बंद करावं लागेल."

"मग कलिका?"

"तीही कायमची बंद होईल, सर."

तो आत आला तेव्हा आई खिडकीशी उभी होती. "नचि, केवढं स्वच्छ ऐकू येतंय रे! बोल ना काहीतरी."

तो जितकं बोलेल, तितका तिचा मेंदू बत्तीस तारांना सरावणार होता. तीन महिने तिला ठार बहिरं ठेवणं, एवढाच उपाय उरला होता. कलिका काढायला त्याने हात पुढे केला. आईने त्याचं मनगट धरलं.

"असू दे की. रागावलास का माझ्यावर? एक शब्द तरी बोल."

नचिकेतने ओठ घट्ट मिटून घेतले. आईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो त्याला बघवेना.

"नाही गं आई," तो म्हणाला, आणि मग बोलतच राहिला.