सावेरिओच्या शेजारची खुर्ची

तो दिवा राहू दे बंद. डास येतात. आणि तू रे, पाय वर घे, पायरीवर जागा कर त्याला.

आपला वीतो माहितीये ना? तुमच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा, अंगात नुसता किडा. त्याचं हे. गेल्या ऑगस्टात त्या रीनोने त्याला कॉफीच्या दुकानात डिवचला. म्हणाला, कार्मेलाच्या खुर्चीत बसून दाखव, तुझ्या आजीची काळी शाल घेऊन, दुसरं रीळ बदलेपर्यंत. नाही जमलं तर वर्षभर सगळ्यांसमोर मला मालक म्हणायचं. आणि हा बैल म्हणाला, त्यात काय.

काय होतं ते सांगतो. तुम्ही तेव्हाही मोबाईलातच असाल. सिनेमे काढणारा एत्तोरे मालव्हासी आपल्याच गावचा. त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून चौकात त्याचे सात सिनेमे लावले, दर मंगळवारी एक. सगळे इथेच काढलेले, आणि गर्दीत आपलेच आजे-पणजे. त्यामुळे गोष्ट कोण बघतंय! पडद्यावर आपलं माणूस आलं की घरच्यांनी त्याचं नाव घ्यायचं. ते माणूस अजून हयात असेल तर त्यानेच म्हणायचं, ‘मी’. खुर्च्या ज्याच्या त्याने घरून आणायच्या आणि शेवटच्या सिनेमापर्यंत तिथेच ठेवायच्या. वर्षभरात घरात कोणी गेलं असेल तर त्याचीही खुर्ची येते. रिकामी. तिच्यावर बसत नाहीत.

मशीन चालवायचा सावेरिओकाका, शाळेच्या वरच्या खिडकीतून. ते जुनं धूड दुसऱ्या कोणाला चालवताच येत नाही. खाली, खिडकीखालीच, शेवटच्या रांगेत त्याची खुर्ची आणि शेजारी बायकोची. कार्मेला हिवाळ्यात गेली. दोन्ही खुर्च्या सारख्याच, गवती विणीच्या.

बारा ऑगस्ट. सव्वानऊला दिवे गेले. वीतो भिंतीच्या कडेकडेने आला, डोक्यावरून शाल ओढली, अंधारात हाताला लागली त्या खुर्चीत बसला. मागे भिंत, पुढे लोकांच्या पाठी. कोणाचं लक्ष नाही. वरून काका तेवढा बघणार आणि दचकणार, एवढीच गंमत. हसू दाबून दाबून पोराचं पोट दुखायला लागलं.

पहिलं रीळ संपलं. लोकांनी नावं घेतली. कोणाचा पणजोबा, कोणाची मावशी. दुसरं सुरू झालं.

मग वीतोच्या डाव्या दंडाला गार लागलं.

वारा नव्हता. पुढे बायका वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. त्याने शाल ओढून घेतली. तरी गार. एकाच बाजूला.

डावीकडे काकाची खुर्ची. काका तर वर. म्हणजे ती रिकामी. हे त्याने मनाशी दोनदा म्हटलं. मान वळवली नाही.

खुर्ची करकरली. हळू. कोणी नीट सावरून बसावं तशी.

पडद्यावर विहीर आली. विहिरीपाशी सात-आठ वर्षांची पोरगी. हातात घागर. ती सरळ चौकाकडे बघते...

नाव कोणी घेतलं नाही. घेणार कोण? कार्मेलाची मुलगी असुंता दूर तोरिनो शहरात, काका मशीनपाशी.

आणि डावीकडून, अगदी कानाशी...

‘मी.’

...

वीतो कसा पळाला ते त्यालाही माहीत नाही. वर मात्र काका मशीन सोडून खिडकीत उभा. रीळ संपलं, पडदा पांढरा. तो खाली बघून बायकोला हाका मारतोय. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले.

तिसऱ्या दिवशी असुंता आली. तिचं म्हणणं सरळ होतं. बाबांचं डोकं फिरलंय, मी त्यांना तोरिनोला नेते, तिथे एक चांगला वृद्धाश्रम आहे. काका रोज एकच सांगायचा, इथून नेलंस तर मी पुढचा उन्हाळाही बघणार नाही. मला विचाराल तर खरंच नसता बघितला. राहिलेले दोन सिनेमे रद्द झाले.

वीतोला सगळं कळत होतं. पाच दिवस जेवला नाही धड. रीनोला म्हणाला, मी सांगतो. रीनो म्हणाला, वेडा आहेस का, तुझा बाप सोलेल तुला.

पुढच्या मंगळवारी सकाळी गाडी चौकात उभी. काकाची बॅग मागच्या सीटवर, काका पुढच्या. असुंता खुर्च्या उचलायला गेली, तर वीतो तिच्या आडवा उभा. शाल घेऊन.

“ताई, तो मी होतो. ही शाल घेऊन कार्मेलाआजीच्या खुर्चीत मीच बसलो होतो. पैज होती. काकांचं डोकं ठीक आहे. त्यांना नका नेऊ.”

असुंताने एक ठेवून दिली. बरोबरच केलं. मग रडली. मग बापाला म्हणाली, “ऐकलंत ना बाबा? हे माकड होतं.”

तिथे काकाने नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं मिटत होतं. पण तो गाडीतून उतरला. वीतोजवळ आला.

“तुला पाहिलं मी. तू माझ्या खुर्चीत होतास.”

वीतोने वळून खुर्च्यांकडे बघितलं.

“ती तिच्या खुर्चीत होती,” काका म्हणाला. “तुझ्या डावीकडे.”

असुंता चिडली. म्हणाली, पुन्हा तेच नको, आणि डावीकडची खुर्ची तिने रागानेच उचलली. उचलली आणि तशीच थांबली. तिने ती उन्हात धरली.

“ही वीण मी जूनमध्ये नवी घालून पाठवली होती,” ती म्हणाली. “हिच्यावर अजून कोणी बसलेलंच नाही.”

मी तिथून दोन हातांवर होतो. गवत मधोमध बसलं होतं. खोलगट. पुढच्या कडेची काड तेवढी उसवलेली, कार्मेलासारखी टाच अडकवून बसायची सवय असली की उसवते ना, तशी.

असुंताने खुर्ची होती तिथे परत ठेवली. गाडीकडे गेली आणि बॅग काढून आणली.