मास्टर प्रद्युम्नचा आवाज

मास्टर प्रद्युम्नचा आवाज यशोदेने अंधाराबाहेर पहिल्यांदा ऐकला तो अमळनेरच्या बाजारात, भरताच्या वांग्यांच्या ढिगाशी.

“मावशी, देठ देख ना! हाई वांगं कालनं शे.”

तिच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. हाच आवाज शनिवारी गडाच्या तटावरून तलवारी उपसून आलेल्यांना विचारत होता, “कितला शेतस तुम्ही? तीन? आखो बलावा!” आणि आज तो एका देठावरून हुज्जत घालत होता. तिने वळून पाहिलं. काळी टोपी घातलेला एक उंच, किडकिडीत तरुण वांगं उजेडाकडे धरून उभा होता. त्याच्या टोपीवर सरकी काढायच्या जिनातून उडालेला कापूस बसला होता.

एकतीस सालची ही गोष्ट. अमळनेरला येणारी चित्रं तेव्हा मुकी होती. पडद्यावर माणसं तोंड हलवायची, मध्येच अक्षरांची पाटी यायची, आणि ती वाचता येणारे थोडेच असायचे. म्हणून पत्र्याच्या थेटराचे मालक मोतीलाल शेठ यांनी पडद्याशेजारी एक माणूस उभा केला होता. पाटी तो वाचायचा, आणि जिथे पाटी नसेल तिथे हलणाऱ्या ओठांवर स्वतःच्या मनाने शब्द घालायचा. त्याच्यामुळे मास्टर प्रद्युम्न या नटाचे राजे, दर्यावर्दी, गोसावी सगळे अहिराणीत बोलत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. राजा झाला म्हणून काय, अमळनेरात आल्यावर दुसरं काय बोलणार?

यशोदेला हसू फुटलं. तरुणाने मान वळवली.

“का हसलात?”

“काही नाही. मला वाटलं, मावशीला आता म्हणाल – आखो बलावा.”

तो कानापर्यंत लाल झाला. वांगं टोपलीत ठेवलं, पुन्हा उचललं. “म्हणजे ‘पाताळगडचा पाहुणा’ पाहिलात तुम्ही…”

“पाहिला.”

“काय वाटलं?”

हा प्रश्न तिला नाना विचारत असत. नाना म्हणजे तिचे वडील, शाळामास्तर. चित्र संपलं की हातातला कंदील हलवत ते घराकडे निघायचे आणि बोरी नदीच्या पुलाजवळ आल्यावर विचारायचे, “काय वाटलं?” नुसतं ‘आवडलं’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. “आवडलं हे काही मत नव्हे. का आवडलं ते सांग.” मास्टर प्रद्युम्नचं पहिलं चित्र त्यांनीच तिला दाखवलं होतं. गेल्या माघात तापाने ते गेले. यशोदा व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झालेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी. शाळेत तिला लोक वेळ विचारत, हजेरी विचारत. घरी पीठ किती उरलं ते विचारत. काय वाटलं, असं कोणी विचारलं नव्हतं.

“शेवट पटला नाही,” ती म्हणाली. “तो घोड्यावर बसतो आणि तिला म्हणतो, मी परत येईन. असं म्हणून माणूस निघून जातो आणि बाई जन्मभर उंबऱ्यावर बसते. त्यापेक्षा त्याने विचारायला हवं होतं, येतेस का?”

“पण पाटीवर…”

“तिथे पाटीच नाही. ते तुमचं वाक्य आहे.”

तेवढ्यात तिची आत्या भागाबाई कोथिंबिरीची पेंडी घेऊन आली. परक्या पुरुषाशी भाची बोलते आहे हे पाहून तिने आधी त्याला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं, मग गाव विचारलं, मग मामाचं आडनाव विचारलं. त्याचं नाव अभिमन, आणि तो आपल्याच समाजातला, इतकं कळल्यावर तिने सुस्कारा सोडला.

“बठ्ठं ठीक शे,” परतताना ती म्हणाली. “पण अंधारमा उभं राहीसन बोंबलनं, हाऊ काय धंदा शे माय?”

पुढच्या शनिवारी तेच चित्र पुन्हा होतं. बायकांची जागा कनातीच्या आड. पडद्यापुढे वाजणारा तबला थांबला, मास्टर प्रद्युम्न घोड्यावर बसला, त्याचे ओठ हलले, आणि पडद्याशेजारून हलक्या आवाजात आलं –

“येस का मनासंगे?”

पडद्यावरची नायिका डोळ्यांना पदर लावून ‘नाही, नाही’ अशी मान हलवत होती. दर खेळाला ती अशीच मान हलवायची आणि बाया तिच्यासाठी रडायच्या. आज कनातीत गलका उडाला. “जाय ना वं! इतला इचारी ऱ्हायना तर जाय ना!” भागाबाई तर उठूनच उभी राहिली. “ध्यान नही शे पोरीले!”

यशोदा अंधारात तोंडावर हात धरून हसत होती. पोटभर, पुष्कळ महिन्यांनी.

बाजाराच्या दिवशी अभिमन वांग्यांच्या ढिगाशी उभा होता. वांगी घ्यायची त्याला बहुधा आठवण नव्हती.

“नायिकेला शिव्या खायला लावल्यात तुम्ही,” तो म्हणाला.

“मी?”

“मग? तो बिचारा सुटला, ती अडकली.”

“बरं झालं. इतकी वर्षं कोणी तिला विचारलं तरी होतं का?”

मग ते चालूच राहिलं. बाजारात पाच मिनिटं, आत्या भाव करीत असेल तेवढ्यात. ‘दर्याचा जावई’ आलं. त्यात मास्टर प्रद्युम्न आईच्या प्रेताजवळ रडतो. यशोदेचं मत असं, की त्याला रडता येत नाही, रडताना आपण कसे दिसतो इकडेच त्याचं लक्ष. नाना म्हणायचे, या माणसाला रडू येत नाही, मान मात्र छान खाली घालता येते. पुढच्या खेळाला त्या जागी अभिमन एक अक्षर बोलला नाही. तबलासुद्धा त्याने थांबवायला लावला. पत्र्याच्या थेटरात फक्त यंत्राची खडखड राहिली. पडद्यावरच्या माणसाने मान खाली घातली, आणि यशोदेने डोळे पुसले. मागे शेंगा फोडत बसलेले लोकही थांबले होते.

“तुमच्या नानांचं ऐकलं,” तो नंतर एवढंच म्हणाला.

‘बुरुजावरचा पारवा’वर मात्र त्यांचं भांडण झालं. त्यात मास्टर प्रद्युम्न म्हातारा होतो. यशोदेला तेच त्याचं सगळ्यात चांगलं काम वाटे.

“खोटी दाढी लावली की झालं चांगलं काम?” अभिमन म्हणाला.

“दाढी नव्हे. तो पाणी पितो तेव्हा तांब्या दोन्ही हातांनी धरतो. म्हाताऱ्याचे हात तसेच असतात.”

“मी इतक्या वेळा पाहिलं. मला तांब्या दिसलाच नाही.”

“तुम्ही बोलत असता ना.”

त्याने दोन्ही कान पकडले. आत्याने लांबून पाहिलं आणि भाव करणं आवरतं घेतलं.

चैत्रात दोन गोष्टी घडल्या. काकांनी धुळ्याचं स्थळ आणलं. कचेरीतले कारकून, वय तिशीच्या आतबाहेर, माणूस निर्व्यसनी. बघायला आले तेव्हा त्यांनी यशोदेला विचारलं, “सिनेमा बघता म्हणे?” ती ‘हो’ म्हणाली. “लग्नानंतर तो नाद राहणार नाही,” ते म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली. त्यांना माहिती हवी होती ती मिळाली होती. काकांनी आखाजीपर्यंत मुदत दिली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरोघर झोके बांधतात, माहेरवाशिणी येतात. त्याआधी होय की नाही ते सांग, म्हणाले.

आणि मोतीलाल शेठ बोलकं यंत्र आणणार, अशी बातमी आली.

“जळगावला बोलपट लागलाय,” अभिमनने बाजारात सांगितलं. आज त्याचा आवाज बसलेला होता. “मास्टर प्रद्युम्नचा. स्वतः बोलतो म्हणे.”

“मग तुम्ही?”

“शेठ म्हणाले, आता तिकिटं फाडायला ये. मला ते…” त्याने हात झटकला. “फैजपूरला एक तंबूवाला आहे. खेड्यापाड्यांत मुकी चित्रं दाखवतो. आणखी काही वर्षं त्याचं चालेल. केळीचा मुलूख, लोकांच्या हातात पैसा आहे. तिथून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत फिरायचं.”

“केव्हा निघणार?”

“बोलपट बघून. तिथूनच.”

यशोदेने मेथी घेतली, कोथिंबीर घेतली. घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की दोन्ही तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत तिने मोठ्या बाईंकडे एक चौकशी केली. त्यातलं तिने कोणाला काही सांगितलं नाही.

त्या रविवारी निम्मं अमळनेर जळगावच्या गाडीत होतं. भागाबाईही निघाली. “माले प्रद्युम्नना मुखमानं ऐकनं शे,” म्हणाली. दुपारचा खेळ. बाहेर ऊन रणरणत होतं, आत माणसं घामाने भिजलेली, पण एकही जण कुरकुरत नव्हता. दिवे गेले. पडद्याशेजारची जागा रिकामी होती. यशोदेची नजर सवयीने तिकडेच गेली.

मास्टर प्रद्युम्न आला. तोच घोडा, तीच भिवई. त्याने तोंड उघडलं.

आवाज बारीक होता, नाकातला. पडशाने बेजार झालेल्या माणसासारखा. आणि भाषा थेट दरबारी हिंदुस्थानी.

मग मागून कोणीतरी खणखणीत विचारलं, “अरे, हाऊ कोण शे?”

“आमना प्रद्युम्न कोठे शे?”

“थेटरवालानी फसाडं! दुसराच आनी दिधा!”

जळगावचे लोक अमळनेरकरांना गप्प बसायला सांगत होते, पण ते गप्प बसण्यापलीकडे गेले होते. कोणी म्हणे यंत्र बिघडलं. कोणी म्हणे नट बदलला. बायकांतून भागाबाई कडाडली, “अभिमनले बलावा!” आणि ती हाक सगळ्यांनी उचलली. अभिमन मागच्या बाकावर बसला होता. तो मान खाली घालून हळूच बाहेर गेला. यशोदेने ते पाहिलं.

पडद्यावर तलवारी वाजत होत्या, खऱ्याखुऱ्या खणखणाटासकट. ती शेवटपर्यंत नीट बघत राहिली. मत द्यायचं तर पूर्ण पाहिलं पाहिजे, असा नानांचा नियम होता. आज नाना असते तर… ती हे वाक्य मनात पुरं करीत नसे.

संध्याकाळी स्टेशनवर अमळनेरची गाडी यायला वेळ होता. भुसावळकडची, अभिमनची, आधी येणार होती. अभिमन पत्र्याची ट्रंक घेऊन उभा होता. भागाबाई बाकावर बसली, लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढला आणि डुलकी लागल्यासारखं केलं.

“काय वाटलं?” त्याने विचारलं. प्रश्न विचारताना तो रुळांकडे बघत होता.

“तलवार चांगली फिरवतो,” यशोदा म्हणाली. “घोड्यावर बरा बसतो. आवाज वाईट.”

“सवय होईल लोकांना.”

“होईल.” तीही रुळांकडे वळली. “पाच वर्षं मला वाटत होतं, मला तो नट आवडतो. नानांनाही तसंच वाटत होतं. आज तो बोलला, आणि मला काहीच… म्हणजे, जे आवडत होतं ते त्याचं नव्हतं. ते पडद्याशेजारी उभं होतं.”

अभिमनने ट्रंक खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. लांबवर सिग्नल पडला.

“आत्याबाई म्हणाल्या, तुमचं धुळ्याचं…”

“आखाजीपर्यंत मुदत आहे.”

“त्यांची कायमची नोकरी आहे. माझं म्हणजे आज इथे, उद्या तिथे. मी काही बोलणं बरं नाही.” त्याने ट्रंक दुसऱ्या हातात घेतली. “थोडं बस्तान बसू दे. मी – मी परत येईन.”

यशोदेने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“ते वाक्य आपण बदललं होतं,” ती म्हणाली.

गाडीचा आवाज जवळ येत होता. हमाल उठून उभे राहिले. अभिमनच्या कपाळावर घाम आला होता. गावोगावच्या राजांच्या तोंडी त्याने शब्द घातले होते, आणि स्वतःच्या तोंडून चार अक्षरं निघत नव्हती.

“फैजपूरला मुलींची शाळा आहे,” यशोदा पुढे म्हणाली, शाळेत फळ्यावर लिहिताना बोलावं तसं. “तिथे मास्तरीण हवी आहे. मी चौकशी केली. तुम्ही तंबू घेऊन फिरा, शनिवारी परत आलात तरी चालेल. पण विचारायला मात्र तुम्हालाच लागेल.”

त्याने टोपी काढली. ट्रंक पायाशी ठेवली, या वेळी नीट.

“यशोदा… येतेस का?”

त्याच क्षणी इंजिन फलाटात शिरलं. वाफ, शिटी, डब्यांची धडधड. यशोदेचे ओठ हलले. शब्द ऐकू आला नाही.

ओठ हलले की त्यावर शब्द घालायचे, हाच अभिमनचा धंदा. पण या वेळी त्याने स्वतःच्या मनाने एकही शब्द घातला नाही. टोपी छातीशी धरून तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

“अरे बहिऱ्या,” बाकावरून भागाबाई ओरडली. तिच्या डोळ्यांत झोपेचा मागमूसही नव्हता. “येस म्हनी ऱ्हायनी ती!”