मागच्या बाजूचा माणूस

नागापूरच्या एमआयडीसीत पत्र्याचे भाग ठोकणारा एक कारखाना आहे. तिथल्या मोठ्या प्रेसवर दोन माणसं लागतात, एक पुढं, एक मागं. दोघांनी आपापलं बटण दाबलं आणि साच्यात कुणाचा हात नसला, तरच प्रेस खाली यायची. हात असला की त्या बाजूचा दिवा लाल, नसला की हिरवा. हा प्रोग्राम सावेडीच्या बेंजामिननं लिहिलेला.

दोन वर्षांपूर्वी मागचा माणूस काम सोडून गेला. माल अडला, मॅनेजर डोक्यावर बसला. बेंजामिननं मागचं बटण नि मागचा दिवा दोन्ही कायम 'ठीक' म्हणतील असं करून टाकलं. हजेरीला नाव हवं, म्हणून मनानंच एक घातलं: सूर्यभान. "सोमवारी काढतो," म्हणाला. मग पाळ्यांचे, कॅन्टीनचे तक्ते त्याच नावावर रचत गेला. आता ते काढावं तर सगळंच कोसळणार. काम मात्र झकास चाललं. वर्षअखेरीला मॅनेजरनं शाल दिली, तेव्हा बेंजामिनला मान वर करवली नाही.

कॅन्टीनची मारिया एकदा म्हणाली होती, "तुमचा सूर्यभान ताटाला शिवतसुद्धा न्हाई." तो कसनुसं हसला होता.

आज मागं अमजद उभा राहणार होता. नवा, खराखुरा माणूस. खोटा इशारा तसाच राहिला तर त्याचे हात जाणार.

बेंजामिन सकाळीच पुढच्या बाजूच्या गोरक्षकडं आला. "मामा, माझी चूक झाली. सूर्यभान नावाचा कुणी नाहीच. नुसतं नाव लिहिलंय मी."

"चेष्टा करता व्हय साहेब? माणूस लई गरीब हाय. तंबाखू मळून मीच तोंडात टाकतो त्याच्या."

"तुम्ही का?"

"त्याला हात रिकामे कुठं असत्यात?"

तक्ते कोसळले तर कोसळोत, म्हणत बेंजामिननं कॉम्प्युटरपुढं बसून ते नाव काढलं, मागचं बटण नि दिवा खरे केले.

अमजदनं बटण दाबलं. गोरक्षनं दाबलं. प्रेस हलली नाही.

मागचा दिवा लाल.

अमजद दोन पावलं मागं सरला, दोन्ही हात वर धरून. दिवा लालच.

बेंजामिननं हात टिपणाऱ्या सेन्सरची काच पुसली. लालच.

गोरक्ष वाकून साच्याकडं बघत राहिला. "त्याचे हात दोन वर्सं आतच हायेत," तो हळू म्हणाला. "आता तरी काढू द्या त्याला."

बेंजामिननं हात जोडले.

दिवा हिरवा झाला.

अमजदनं साच्यातला कोरा पत्रा ओढून घेतला. त्यावर घामाचे दोन पंजे उमटले होते, चेपून सुपाएवढे पसरलेले.