पांढऱ्या शर्टाची बॉडी

फ्लेक्सच्या दुकानात माणसाचे दोन भाग असतात. डोकं गिऱ्हाईक आणतं, बॉडी दुकानाची असते. आधार कार्डावरचा असो की लग्नाच्या अल्बमातला, फोटो कसलाही येऊ दे, आम्ही मानेपासून डोकं कापतो आणि तयार बॉडीवर बसवतो. पुढाऱ्याला जाकीट, नवरदेवाला कोट आणि वारलेल्या माणसाला पांढरा शर्ट. नांदेडात आदिनाथभाऊंच्या दुकानात मी दोन वर्षं हेच काम करत होते. "आमची दिपाली सकाळी कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकते आन् दुपारी मुंडकी कापते," असं माझा मोठा भाऊ धम्मानंद, म्हणजे दादा, येईल त्याला सांगायचा.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मॅडमना आपल्या भागातलाच विषय हवा होता. वर्गातल्या निम्म्या लोकांनी गुरुद्वाऱ्याची नक्षी घेतली. मी पांढरा शर्ट घेतला. नांदेड, धर्माबाद, जळकोट, कुठल्याही चौकात जा, 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली डोकी वेगवेगळी आणि बॉडी तीच. बसलेल्या माणसाची, मांड्यांपर्यंतची. कॉलरच्या आतल्या बाजूला एक तपकिरी डाग होता, तो आम्ही दर वेळी पुसायचो. हा माणूस मुळात कोण, एवढंच मला शोधायचं होतं.

आदिनाथभाऊंना विषय आवडला नाही. त्यांच्या दुकानात एकच नियम होता, ही बॉडी जिवंत माणसाला लावायची नाही. कारण विचारलं की ते चहा मागवायचे.

तो नियम मी मोडला, हे आधीच कबूल करते. दादाची पोलीस भरतीत निवड झाली. वस्तीच्या कमानीला त्याचा बॅनर लागलाच पाहिजे, असा आईनं हट्ट धरला. दादाचा एकुलता एक बरा फोटो विटक्या टी-शर्टमधला. जाकीट घातलं तर नगरसेवक दिसेल, कोट घातला तर नवरदेव. पांढरा शर्ट त्याला शोभला. आई तर बॅनरखाली उभी राहून रडली. मला स्वतःच्या कामाचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

बॅनर छापण्याआधी गिऱ्हाइकाला तपासायला नमुना पाठवतात. पांढऱ्या शर्टाचे असे एक्केचाळीस नमुने मी नांदेड आणि धर्माबादच्या दुकानांतून गोळा केले, एकाच मापात छापले आणि तारखेप्रमाणे लावून त्यांची वही शिवली. शेवटचं, बेचाळिसावं पान दादाचं. वरची डोकी भराभर बदलताना मजेशीर दिसतील, म्हणून अंगठ्यानं पानं सोडली.

डोक्यांकडे माझं लक्षच गेलं नाही. पहिल्या पानावर उजवा हात खाली, शर्टाच्या कडेला होता. दहाव्या पानावर तो मांडीवर आला. पंचविसाव्यावर पोटाशी. दादाच्या पानावर बोटं कॉलरच्या बटणापर्यंत पोचली होती.

मला भीती वाटली नाही, उलट आनंदच झाला. प्रत्येक डिझायनर आपापल्या सोयीनं हात ओढून घेत असणार, यावर प्रोजेक्टची दहा पानं सहज भरली असती. खात्रीसाठी दुकानातली मूळ फाईल उघडली. हात बटणाशीच होता. फाईलची तारीख मात्र नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हापासून ती कोणी बदलून ठेवलीच नव्हती. आदिनाथभाऊंनी पुढे होऊन ती फाईल बंद केली. मग म्हणाले की फाईल जळकोटहून आलीय, तिथल्या फोटो स्टुडिओवाल्या रामकिशनकडून, आणि तू हा विषय सोड.

सोडते कसली! शनिवारी सकाळच्या एसटीनं मी जळकोट गाठलं. त्याच संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात दादाचा सत्कार होता. ट्रेनिंगसाठी तो लातूरला होता, तिथून मोटरसायकलवर येणार होता. जळकोटवरून येतो आणि तुला घेऊन जातो, असं त्यानं सकाळी फोनवर सांगितलं. विहारात जायचं म्हणून निघतानाच पांढरा शर्ट घातलाय, तुझं घड्याळपण घातलंय, असंही म्हणाला. निवड झाली तेव्हा ते मी दिलं होतं. पट्टा त्याच्या काटकुळ्या मनगटाला सैल व्हायचा. पट्ट्याला पाचच भोकं होती, म्हणून मी कंपासच्या टोकानं सहावं पाडलं होतं. ते वाकडं पडलं. त्यावरून त्यानं मला महिनाभर छळलं.

रामकिशनकाका सत्तरीचे. स्टॅण्डसमोरच्या त्यांच्या स्टुडिओत आता पासपोर्ट फोटोच तेवढे निघतात. मी येण्याचं कारण सांगितलं. पत्र्याच्या पेटीतून एक पाकीट काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

आत एकच फोटो होता. विहिरीच्या कठड्याला टेकून बसवल्यासारखा एक माणूस. पांढरा शर्ट. दोन्ही हात दोन बाजूंना, तळवे वर. कॉलरच्या वर मानेचा काळा पडलेला बुंधा, त्यावर माश्या, आणि मागे कठड्याचे दगड.

"पंचनाम्याला पोलीस मलाच बोलावतेत," काका म्हणाले. "कोण हाय, कुठला हाय, काय कळलं न्हाई. डोकं गावलंच न्हाई."

दोन वर्षं मी याच्या कॉलरवरचं रक्त पुसत होते. मी रागानंच विचारलं की असला फोटो तुम्ही लोकांच्या बापांना लावलात कसा.

"एका म्हाताऱ्याचा फोटो आलता, अंगात नुसती बंडी. घरच्यास्नी शर्ट पाहिजे होता." त्यांनी मान खाली घातली. "दुसऱ्या बॉडीचं डोकं कापावं लागतं, पोरी. ह्याचं कापायचं कामच नव्हतं."

मी त्यांच्यापुढे वही सरकवली. एकेक पान ते उलटत गेले. हाताकडे बघून त्यांना नवल वाटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. शेवटच्या पानावर ते थांबले.

"हे कोण?"

"माझा भाऊ."

"कधी वारला?"

"वारला नाही. मला घ्यायला यायलाय."

त्यांनी वही खाली ठेवली आणि धोतराला हात पुसले. "जित्या माणसाला म्या कधी लावली न्हाई," ते हळूच म्हणाले. "मेलेल्याकडं त्याला घ्यायसारखं काय ऱ्हातंय?"

मी पानाकडे बघितलं.

हे पान मी स्वतः छापलं होतं. बोटं बटणाशी होती. आता ती दादाच्या जबड्याभोवती होती. अंगठा गालात रुतला होता आणि त्याच्या कडेची कातडी पांढरी पडली होती. दादा मात्र तसाच हसत होता.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. गाडीवर असला की तो कधीच उचलत नाही.

मी तर्कानं चालणारी मुलगी आहे. पण दादाला त्या हातातून सोडवायचं, एवढंच मला कळत होतं.

टेबलावर फोटो कापायचं कटर पडलं होतं. काका काहीतरी म्हणाले, मी ऐकलं नाही. कानाच्या पाळीपासून सुरुवात केली, जबड्याखालून, बोटांना चुकवत, मानेवरून. हे मी हजारदा केलंय. कागद वांग्याच्या देठासारखा चिवट लागला, मग एकदम सुटला.

दादाचं डोकं माझ्या तळहातावर आलं.

"सुटला," मी म्हणाले. मला रडूच आलं. डोकं मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. आता तो येईल, गाडीवर बसल्या बसल्या सगळं सांगेन, तो पोट धरून हसेल, असं मनात आलं.

दहा मिनिटांनी काकांचा फोन वाजला.

"हाव साहेब," ते म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले. मध्ये एकदाच विचारलं, "आन् डोकं?"

फोन ठेवून त्यांनी खुंटीवरची कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली. माझ्याकडे बघितलं नाही. "तू हितंच बस, पोरी," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

मी बसून राहिले. दादा येणार होता.

वही समोर उघडीच होती. बेचाळिसाव्या पानावर आता दोन्ही हात खाली होते, दोन बाजूंना, तळवे वर. डाव्या मनगटाला घड्याळ होतं. आधी कुठल्याच पानावर ते नव्हतं.

मी वाकून बघितलं. पट्ट्याला सहा भोकं होती. बक्कल सहाव्यात अडकवलेलं होतं, वाकड्या भोकात.