दोनदा टकटक

संस्थेतल्या तिच्या खोलीचं रंगकाम निघालं आणि तिची रवानगी शेजारच्या खोलीत झाली. टेबल, खोकी आणि तीन महिन्यांचा शीण, सगळ्यासकट. तिथे जनुकांचं गणित करणारा एक उंच, विसराळू गृहस्थ बसायचा. त्याने तिच्यासाठी खुर्चीवरचे कागद उचलले, पण ठेवायला जागा सापडेना. म्हणून गठ्ठा छातीशी धरून उभाच राहिला.

"बसा ना..."

"आधी तुम्ही टेका कुठेतरी," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं.

माणसांच्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या कशा टिकतात, याचं गणित ती मांडत होती. प्रत्यक्षात त्या शेकडो वर्षं टिकल्या होत्या. तिने संगणकात रचलेल्या काल्पनिक गावात मात्र पाचव्या पिढीतच नामशेष होत. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर प्रकल्प बंद आणि तिने गाशा गुंडाळायचा.

गणित चालू करण्याआधी ती टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायची.

"हे रक्तातून आलं, की बघून शिकलात?" त्याने विचारलं.

"बाबांचं बघून. शिंपी होते. कात्री लावण्याआधी असं करायचे. एकदा कापलं की माघार नाही ना..." ती थांबली. "आता ते नाहीत. मी एकुलती एक. ही खोड माझ्याबरोबरच संपायची."

"म्हणजे दुर्मीळ वाण!"

"करा चेष्टा."

तो चेष्टा करायचा, न मागता चहा आणून ठेवायचा आणि रंगाऱ्यांना कसलीही घाई करायचा नाही. ती इतकी दमलेली असायची, की हे आवडतंय हेही तिला उशिरा कळलं.

तो शुक्रवार उजाडला. ती पाठमोरी खोकी भरत होती. आणि मागून... टकटक.

ती वळली. त्याचं बोट टेबलावरच होतं. कान लालबुंद.

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून... तुम्ही जेवायला गेलात की."

ती तशीच संगणकासमोर जाऊन बसली. तिच्या गावात मुलं फक्त आईबापांकडून शिकत होती! शेजाऱ्याकडून शिकण्याच्या रकान्यात तिने पहिल्या दिवशी 'नंतर भरू' म्हणून शून्य टाकलं होतं, ते तसंच राहिलं होतं. तिने आकडा बदलला. पडद्यावरची सवयीची रेघ घसरली, डळमळली... आणि टिकली. पन्नासाव्या पिढीतही टिकली. तिला रडूच फुटलं.

"तीन महिने शून्य घेऊन बसले होते हो मी!"

"मी तर पस्तीस वर्षं," तो हळूच म्हणाला.

ती डोळे पुसत हसली. "माझ्या खोलीचा रंग वाळला असेल आता."

"परवाच वाळला. मी सांगितलं नाही... जाऊ नका. मला तुम्ही फार आवडता."

दमलेलं डोकं तिने त्याच्या खांद्यावर टेकलं, त्याचा हात ओढून घेतला आणि त्यावर बोटाने दोनदा टकटक केली.