मिहाल सोबेकचे तीन बंट

ड्रायफोर्कच्या वाचनालयात दुपारभर शेगडीची ऊब असायची, म्हणून इर्मा कोलेसार आपले कागद तिथंच घेऊन बसायची. गावच्या जुन्या बेसबॉल संघावर पुस्तिका निघणार होती. १९११ सालच्या मोसमाचे आकडे जुळवायचं काम शाळेतून निवृत्त झालेल्या या गणिताच्या बाईंकडे आलं होतं.

खाणकामगारांचा तो संघ बंटसाठी ओळखला जायचा. फलंदाजानं बॅट नुसती आडवी धरायची आणि चेंडू जवळच मेल्यासारखा पाडायचा. तो स्वतः बाद होतो, पण तळावर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, थांबलेला साथीदार एक तळ पुढे सरकतो. साथीदारासाठी स्वतःचा दिलेला, म्हणून त्याला बळी म्हणत. मिहाल सोबेक त्यात उस्ताद. संघाच्या गुणवहीत त्याच्या नावावर एकोणीस बळी होते.

वर्तमानपत्रात सोळा.

इर्मानं पुन्हा मोजले. जादाचे तिन्ही बळी चोवीस जूनच्या एकाच सामन्यातले होते. सोबेक तर बारा मे रोजी खाणीचं छत कोसळून गेला होता. दफनाची नोंद तिनं चर्चमध्ये जाऊन स्वतः पाहिली.

त्या संघातला एकच माणूस हयात होता, ओंद्रेय बालोग. बेचाळीस वर्षं लोटली होती. म्हातारा स्वयंपाकघरात खिडकीशी बसला होता आणि त्याची मुलगी वेरोना कोबीच्या पानांत भात-खिमा गुंडाळत होती.

"वहीत लिहिताना चूक झाली असेल ना, मिस्टर बालोग?"

"चूक कसली? गुण लिहायला फादर बसायचे, पोरी. ते खोटं लिहितील होय?"

"पण सोबेक मेला होता."

"मेला होताच की. त्याच्या जागी आम्ही कुणाला घेतलं नव्हतं. आठच जण खेळलो. त्याची पाळी आली की पंच पुढच्याला बोलवायचा." म्हातारा आपल्या हातांकडे बघत राहिला. "त्या दिवशी बोलावलंच नाही. चेंडू आला. लाकडाचा आवाज झाला. चेंडू रेघेच्या कडेनं घरंगळत गेला. गोलंदाजानं उचलून फेकला, पंचानं बाद दिलं. मी पहिल्या तळावर होतो. धावलो. दुसरं काय करणार?"

"आणि बाकीच्या दोन वेळा?"

"एकदा यान्को पुढे सरकला. एकदा मातुश."

इर्माची पेन्सिल थांबली. त्याच वर्षी जुलैत खाणीत स्फोट झाला तेव्हा संघातले आठही जण खाली होते. जिवंत वर आलेल्या तिघांची नावं तिला पाठ होती: बालोग, यान्को, मातुश.

"बाबा, पुरे आता," वेरोना म्हणाली.

दारापर्यंत सोडायला आलेला म्हातारा हळूच बोलला, "आकडा कमी करू नकोस हं."

इर्मा दोन दिवस त्या वहीपुढे बसून होती. मेलेल्या माणसाच्या नावावर खेळ लिहिला तर गाव हसलं असतं. शुक्रवारी तिनं तीन बळी खोडले, सोळा लिहिलं आणि कागद छापखान्यात दिले.

शनिवारी सकाळी वेरोना दारात उभी होती. बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, हात ओले.

"बाबा गेले. झोपेतच."

इर्मानं दार पूर्ण उघडलं. वेरोना उंबऱ्यातच थांबली.

"भुवया जळल्यात त्यांच्या. उशी मात्र स्वच्छ आहे."

"वेरोना..."

"आंघोळ घालतोय आम्ही. पाच वेळा पाणी बदललं, अजून काळंच निघतंय." तिनं हात अॅप्रनला पुसले. "तुमच्याकडे एखादी मोठी बादली आहे का?"